सजावटीची दोनशे चौदा चित्रं

माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ताई मला लहानपणापासून भडक्या म्हणते. त्यामुळे ऑपरेशनच्या सकाळी नर्सने तिला खाटेवरून उठवून परत घरचे कपडे घालायला सांगितलं, तेव्हा मी काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको.

ताईचा एक डोळा कधीच गेलाय. दुसऱ्यात थोडा उजेड शिल्लक होता. खिडकी कुठे आहे, दारात कोणी उभं आहे का, एवढं तिला कळायचं. पंधरा दिवसांपूर्वी त्याही डोळ्याचा पडदा सरकायला लागला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि बजावलं, पडद्याचा मधला भाग सुटला तर आहे तो उजेडही जाईल, मग आमच्या हातात काही राहणार नाही. आम्ही एकेक दिवस मोजत तारखेपर्यंत आलो. आणि त्या सकाळी नर्सने सहज विचारलं, रक्त पातळ करायची गोळी बंद करून किती दिवस झाले? ताई म्हणाली, बंद कुठे, आज सकाळीच घेतली की.

झालं. ऑपरेशन रद्द. गोळीचा अंमल उतरेपर्यंत पाच दिवस थांबायचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळ्यांनी दिसत नाही त्या बाईला गोळी बंद करायचं साधं तोंडाने सांगता येत नाही तुम्हाला, म्हणून मी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. नर्स खमकी होती. सगळ्या सूचना आठवड्यापूर्वीच मोबाइलवर पाठवल्यात, असं म्हणत तिने ताईचाच फोन घेतला, हॉस्पिटलचं ॲप उघडलं आणि माझ्या नाकासमोर धरला. गोळीचं मोठं चित्र, त्यावर लाल फुली, चित्रातच खाली ठळक अक्षरात लिहिलेलं: ही गोळी पाच दिवस आधी बंद.

आता हे ॲप आमच्याच ऑफिसात तयार झालेलं. त्याचे स्क्रीन मी मांडलेले. ताईच्या फोनवर ते मीच घालून दिलं होतं, आणि वर बढाई मारली होती की ज्याला दिसत नाही त्यालाही सगळं वाचून दाखवतं, तपासणीत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळालेत. ताई स्क्रीनवरून बोट फिरवते आणि फोन बोलतो, तिची सगळी कामं अशीच चालतात. तेव्हा चूक ॲपची असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी मोर्चा ताईकडे वळवला.

"अगं, एवढं ढळढळीत दिलंय. नीट ऐकायला काय झालं होतं तुला?"

नर्ससमोर बोललो, शेजारच्या दोन पेशंटसमोर बोललो, भावजींसमोर बोललो. ताई ब्लाउजची बटणं चाचपत लावत राहिली.

भावजी एरवी अबोल. पण त्यांना आयतं निमित्त मिळालं. घरी आल्या आल्या त्यांनी ताईचा गोळ्यांचा डबा उचलून कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि यापुढे मी देईन तेवढीच गोळी घ्यायची, असं जाहीर केलं. दहा वर्षं ताई स्वतःच्या गोळ्या स्वतः घेतेय. कोणत्या पाकिटाला एक रबर, कोणत्याला दोन, सगळं तिच्या बोटांना पाठ. त्याचा तिला केवढा अभिमान. आणि मी शहाणा तिथे बसून भावजींना म्हणालो, बरोबर आहे तुमचं. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तो ती सूचना आणखी मोठी करावी म्हणून. आमच्याकडे एक तपासनीस मुलगी आहे, ती फोन पालथा घालून नुसतं ऐकून काम तपासते. म्हटलं, आपणही एकदा तसं करून बघू. फोन टेबलावर पालथा घातला. फोन म्हणाला, नेहमीच्या सगळ्या गोळ्या चालू ठेवा. आणि लगेच पुढे म्हणाला, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी या.

मधलं वाक्य कुठे गेलं? मी परत लावलं. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच.

चित्रातली अक्षरं फोनला वाचता येत नाहीत, म्हणून प्रत्येक चित्रामागे एक चौकट असते, बघणाऱ्याला न दिसणारी. चित्रात काय आहे ते तिथे लिहायचं, म्हणजे फोन ते बोलून दाखवतो. चित्र नुसतंच शोभेचं, पानंफुलं वगैरे असेल, तर लिहायचं नाही, 'सजावट' अशी खूण करायची. मग फोन त्यावरून गुपचूप पुढे जातो. इथे चित्र होतं एवढंही सांगत नाही. गुण देणाऱ्या यांत्रिक तपासणीला फूल कुठलं आणि गोळी कुठली ते कळत नाही, चौकट नुसती सोडून दिली नाही ना, एवढंच ती बघते. ह्या गोळीच्या चित्रावर कोणीतरी 'सजावट' अशी खूण केली होती. म्हटलं, कोण गाढव आहे ते बघतोच. कुठला बदल कोणी आणि कधी केला, त्याची नोंद आमच्याकडे असते. ती उघडली.

नाव माझं होतं.

मग सगळं आठवलं. हॉस्पिटलला ॲप द्यायला एक दिवस उरलेला, हॉस्पिटलने पाठवलेल्या दोनशे चौदा चित्रांच्या चौकटी रिकाम्या, गुण एकसष्ट. तपासनीस मुलगी तीन दिवस मागत होती, एकेक चित्र बघून लिहायला. मी तिला म्हणालो, नाकाने कांदे सोलू नकोस. हसरे डॉक्टर आणि हात धुवायची चित्रं असतील, आणखी काय असणार? सगळी एकदम निवडली आणि एका झटक्यात 'सजावट' करून टाकली. चित्रं उघडूनही पाहिली नाहीत. गुण अठ्ठ्याण्णव झाले, साहेबांनी पाठ थोपटली. सगळ्याला मिनिटभरही लागलं नसेल.

मी खुर्चीवरून उठलो. तसाच साहेबांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. पुढचे चार दिवस ती मुलगी आणि मी शेजारी शेजारी बसून एकेक चित्र शब्दांत लिहीत होतो. एक्केचाळीस चित्रं औषधांची निघाली. ती मुलगी प्रत्येक चित्र आधी उघडून बघायची, मगच लिहायची, आणि ते मला फार लागलं.

ताईला मात्र सांगायची हिंमत झाली नाही. रोज संध्याकाळी तिच्याकडे जायचो. ती खिडकीशी फोन कानाला लावून बसलेली असायची. मला वाटायचं, गाणी ऐकतेय. उद्या सांगू, ऑपरेशन नीट होऊ दे मग सांगू, असं म्हणत म्हणत ऑपरेशन होऊनही गेलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळ्यासमोर धरली. ताई वाट बघत बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "लावली का हो बॅटरी?"

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली. मधला भाग ऑपरेशनच्या आधीच्या दोन-तीन दिवसांतच सुटला असावा, असं ते हळू आवाजात म्हणाले.

भावजी थेंब आणायला औषधांच्या खिडकीकडे गेले. मी ताईला धरून बाहेर बाकावर बसवलं आणि सांगून टाकलं. चौकट, खूण, माझं नाव, न उघडलेली चित्रं, काही ठेवलं नाही. ती कानाखाली वाजवेल असं वाटत होतं. वाजवली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे ते वाक्य त्यात नव्हतंच?" तिने विचारलं.

"नव्हतं."

"मी रोज ऐकत होते रे ते. किती वेळा ऐकलं असेल. माझं कुठे चुकलं तेच सापडेना. म्हटलं, डोळ्यांपाठोपाठ डोकंही गेलं की काय आपलं."

तिने मोठा श्वास सोडला आणि तिचा चेहरा सैल पडला. जीव भांड्यात पडल्यासारखा. अर्ध्या तासापूर्वी त्या बाईचा उरलासुरला उजेड गेल्याचं कळलं होतं आणि तिला सुटल्यासारखं वाटत होतं, आपण वेडी नाही म्हणून. मला ते बघवेना. मी रडायला लागलो. तिने माझ्या हातातला तिचा हात काढून घेतला.

समोरून चपलांचा आवाज आला. तिने लगेच ओळखला.

"हे आले," ती म्हणाली. "आता त्यांना सांग. मला सांगितलंस तसंच, सगळं. आणि त्या दिवशी माझ्यावर ओरडलास ना, तेवढ्या मोठ्याने."

भावजी थेंबांची पुडी घेऊन बाकाशी येऊन थांबले. मी उठून उभा राहिलो.