आधी कोणाचं नाव

सामुदायिक विवाह समितीच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो जेवणावर नाही, मांडवावर नाही, पुढाऱ्यांच्या भाषणांवरही नाही. वेळ गेला तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर आधी कोणाचं नाव दिसणार यावर. हसू नका. तुमच्या घरात मुलामुलीचं लग्न निघालं की तुम्हीही तिथेच अडाल.

प्रोग्रॅम लिहायचा होता श्रेया गाडगेने. आळ्याची मुलगी, नारायणगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायची. क्लासचे मालक सुभाषचंद शेठ. त्यांचं भांड्यांचं दुकानही होतं आणि नवदांपत्यांना द्यायचे भांड्यांचे संच दरवर्षी त्यांच्याकडूनच यायचे. आदल्या वर्षी संचाच्या मोहाने काही जुनीच जोडपी मुंडावळ्या बांधून पुन्हा उभी राहिली होती. एकाने तर पोराला कडेवर घेऊन अक्षता झेलल्या. म्हणून या वर्षी, म्हणजे दोन हजार सातच्या मे महिन्यात, कडक नियम झाला: वराची आणि वधूची नोंद कॉम्प्युटरवर जुळली, पास छापून निघाला, तरच मांडवात प्रवेश. पास नाही तर लग्न नाही. कॉम्प्युटर शेठ देणार, डोकं श्रेया लावणार.

तर बैठक. समितीचे अध्यक्ष सयाजीअण्णा म्हणाले, "वरपक्षाच्या टेबलावर आधी वराचं नाव उघडलं पायजे. पावण्यांचा मान हाय."

लगेच मुलीकडची मंडळी सरसावली. "मग आमच्या टेबलावर आधी मुलीचं उघडू द्या. आमची काय पोर रस्त्यावर पडलीय?"

तासभर जुंपली. शेवटी सगळ्यांनी श्रेयाकडे पाहिलं. ती म्हणाली, "करते." दोन ओळींचं काम होतं. वरपक्षाची टेबलं आधी वर उघडतील मग वधू, वधूपक्षाची टेबलं आधी वधू उघडतील मग वर. दोघांचाही मान राहिला, बैठकीत चहा आला, आणि एवढ्या शहाण्या मुलीला आपण काय करून ठेवलं याची शंकासुद्धा आली नाही.

आता दुसरी गोष्ट. त्या यादीत श्रेयाचंही नाव होतं. तिचे वडील भगवंततात्या समितीतच, तेव्हा लेकीचं लग्न दुसरीकडे लावायची सोय नव्हती. मुलगा डिंगोऱ्याचा, आदेश. चांगला होता, बोलायला मऊ होता, जरा जास्तच मऊ. सुपारी फुटली त्या दिवशी त्याची आई ठमाबाई सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आमाला सून घरात लागती. नोकरी-बिकरी न्हाई." तात्यांनी मान डोलावली. श्रेयाला कोणी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही. क्लासच्या मशीनांपुढे बसलं की तिला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं, आणि ते सोडून डिंगोऱ्याच्या ओसरीवर बसायचं तिच्या जिवावर आलं होतं.

फोनवर ती आदेशला म्हणायची, "तुम्ही आधी आईंशी बोला ना." तो म्हणायचा, "तू आधी तुझ्या तात्यांशी बोल, ते बोलले की मग मला आईशी बोलायला तोंड राहील." तात्या म्हणायचे, बघू, पावण्यांकडून विषय निघू दे. असा हिवाळा गेला, उन्हाळा आला, आणि लग्नाचा रविवार उजाडला. विषय होता तिथेच.

आळेफाट्याजवळच्या मैदानावर मांडव पडला होता. डावीकडे वरपक्षाची टेबलं, उजवीकडे वधूपक्षाची, प्रत्येक टेबलावर क्लासचा एकेक कॉम्प्युटर आणि शेजारी ज्याचं लग्न त्याचा पाहुणा. नाव पाहून आपल्याच माणसाने बटण दाबायचं, परक्याचा हात नको, असाही एक मान होता. मधोमध सर्व्हर, म्हणजे या सगळ्या टेबलांना सांभाळणारं मोठं मशीन. त्यावर सयाजीअण्णांनी नारळ फोडला. अर्धं पाणी कीबोर्डवर गेलं, ते श्रेयाने ओढणीने टिपलं. अजून तिला साडी नेसवली नव्हती, पण मावश्यांनी मुंडावळ्या तेवढ्या बांधून टाकल्या होत्या.

गोरज मुहूर्ताला वेळ होता. माइकवरून एकेका जोडीचं नाव पुकारलं जाऊ लागलं. नाव पुकारलं की डावीकडून वराचा माणूस टेबलाशी धावायचा, उजवीकडून वधूचा. मागे राहायचं नाही, एवढं दोघांनी घरूनच ठरवून आणलेलं.

पहिल्या जोडीला पडद्यावर आलं, 'कृपया थांबा'. दुसऱ्या जोडीलाही तेच. थोड्या वेळात डावी-उजवीकडची सगळी टेबलं थांबली. माइकवाला पुकारतच राहिला, रांगा वाढत राहिल्या, पास एकही निघेना.

"व्हायरस असणार," सुभाषचंद शेठ म्हणाले.

"करंट कमी पडतोय," जनरेटरवाला म्हणाला.

"नारळ नासका निघाला," सयाजीअण्णा हळूच म्हणाले.

श्रेयाने सर्व्हरचा पडदा पाहिला. प्रत्येक टेबलाच्या नावापुढे एकच शब्द, थांबलंय. थांबलंय. थांबलंय. पण मशीनचा पंखा मुकाट फिरत होता. कामाने दमलेलं मशीन घरघरतं. हे तर निवांत बसलं होतं. पंगत बसावी, वाढून व्हावं आणि जेवा म्हणायला कोणी नसावं, तसं.

तिने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. लोकांनी एकदम बटणं दाबली. 'कृपया थांबा'. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा तेच. आता रांगेतून आवाज यायला लागले. एक मामा ओरडले, "अहो, हातानं लिहा की पास!" सयाजीअण्णा म्हणाले, "हातानं लिहिलं की मागल्या सालचे सगळे नवरे परत यायचे. पोराटोरांसकट."

माझ्याच मशीनमुळे माझंच लग्न राहणार की काय, असं श्रेयाच्या मनात आलं आणि ती सर्व्हरपुढच्या खुर्चीत बसली. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मागोमाग आणखी एक विचार आला. राहिलं तर राहू दे, उद्या क्लासला तरी जाता येईल. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की ती ताडकन उठली.

मशीन काही सांगत नव्हतं, मग माणसांना विचारायचं. ती डावीकडच्या पहिल्या टेबलाशी गेली. तिथे घाटघरच्या जानकूचे चुलते बसले होते.

"काका, तुमच्याकडे कोणाचं नाव उघडलंय?"

"आमच्या जानकूचं."

"आणि थांबलाय कोणासाठी?"

"त्याच्या बायकूसाठी. सखूसाठी. तिचं नाव उघडंना."

ती उजवीकडे त्याच जोडीच्या टेबलाशी गेली. तिथे सखूचा भाऊ होता. "सखू उघडलीय ताई. जानकूसाठी थांबलोय."

मग श्रेया डावीकडच्या तिसऱ्या टेबलाशी गेली. तिथे प्रत्यक्ष ठमाबाई. नऊवारीत, माउसवर पालथी मूठ ठेवून, कोणी पळवून नेईल अशी.

"आत्या, तुमच्याकडे कोण उघडलंय?"

"आदेश."

"आणि थांबलाय कोणासाठी?"

"तुझ्यासाठी. दुसऱ्या कोनासाठी?"

पलीकडे वधूपक्षाच्या टेबलावर तात्या होते. विचारायची गरज नव्हती, तरी तिने विचारलं. तात्या म्हणाले, "तू उघडलीस बाळा. पावण्यांसाठी थांबलोय."

संपलं. कळलं. एकाच नावात दोन टेबलांनी एकदम खाडाखोड करू नये म्हणून तिनेच सोय केली होती, की एका टेबलाने नाव उघडलं की ते त्याच्या हातात, त्याचं काम होईपर्यंत दुसऱ्याला मिळायचं नाही. डावीकडच्यांनी वर धरून ठेवले होते आणि ते वधूंसाठी थांबले होते, उजवीकडच्यांनी वधू धरून ठेवल्या होत्या आणि ते वरांसाठी थांबले होते. कोणीही हातातलं सोडणार नाही, समोरच्याने सोडावं म्हणून बसून राहणार. क्लासमध्ये तपासलं तेव्हा दोन्ही टेबलांवर तीच एकटी बसत होती, आणि एकट्या माणसाला मानापमान नसतात.

"काय बावळट आहे मी," ती मोठ्याने म्हणाली. शेठ म्हणाले, "असं नको म्हणू, आधी चालू कर."

उपाय सोपा होता. सगळ्यांनी एकाच बाजूने सुरुवात करायची. पण ते 'आधी कोण' प्रत्येक टेबलाच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलेलं, ते एकेक करून बदलायचं तर मुहूर्त निघून जाणार. आत्ता एकच करता येत होतं. ती मशीन पुन्हा चालू करणार, वरपक्षाने जरा वेळ हात काढून बसायचं. वधूपक्षाचं होऊ द्यायचं. नावं मोकळी झाली की मग वरपक्षाचं.

सयाजीअण्णांनी हे ऐकून माइकवर हात ठेवला. "पोरी, नवऱ्याकडच्यांनी हात वर करून बसावं, हे मी माइकवरनं सांगू? मला याच तालुक्यात मरायचंय."

"मग वधूपक्षाला सांगा थांबायला. कोणीही एक चालेल."

मागून मुलीकडचे कोणीतरी गरजले, "दर येळी आमीच का?"

सयाजीअण्णांनी माइक शेठकडे दिला. शेठनी तो न घेता पाण्याची बाटली घेतली. मांडवातली सगळी पुरुषमाणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. आदेश मांडवाच्या खांबाशी फेटा सावरत उभा होता. श्रेयाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने आईकडे पाहिलं. बस्स, तेवढंच.

श्रेया ठमाबाईसमोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, तुम्ही आधी हात काढा."

"आमी? आमी मागनं?"

"हो. तात्यांचं होऊ द्या, मग तुमचं."

"आन न्हाई काढला तर?"

"मग बसा असंच. मुहूर्त जाईल. तुमच्या हातात आदेश राहील, त्यांच्या हातात मी राहीन, आणि आपापल्या घरी जाऊ."

डिंगोऱ्याची ठमाबाई म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. पुतण्याच्या लग्नात टॉवेल आखूड निघाला म्हणून पंगतीतून उठून गेलेली बाई. तिने श्रेयाकडे नीट पाहिलं, पायापासून मुंडावळ्यांपर्यंत.

"समदे म्हनतील, ठमा सुनंफुडं नमली."

"म्हणतील," श्रेया म्हणाली. तिला खोटं बोलायला सुचलंच नाही.

ठमाबाईने माउसवरची मूठ उचलली. नुसती उचलली नाही, गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली आणि शेजारच्या टेबलावर डाफरली, "ए घाटघरवाल्या पावण्या, काढ हात! बगतोस काय? माझ्या सुनंचं मशीन हाय, तिला ठावं न्हाई तर तुला ठावं?" जानकूच्या चुलत्यांनी चटका बसल्यागत हात काढला. ठमाबाई उठली म्हटल्यावर बसून राहण्यात कसला मान? डावीकडची रांगच्या रांग उभी राहिली.

श्रेयाने मशीन चालू केलं. उजवीकडे बटणं दाबली गेली. सखूचं नाव उघडलं, पाठोपाठ जानकूचं, नोंद झाली, नावं मोकळी. मग डावीकडे. छपाईच्या मशीनने घसा खाकरावा तसा आवाज केला आणि पहिला पास बाहेर आला. सखूच्या भावाने तो डोक्याला लावला. मग पास येतच गेले. सयाजीअण्णांनी माइक परत घेतला आणि समितीच्या नियोजनाबद्दल समितीचे आभार मानले.

श्रेयाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने ओढणीने पुसलं. मावश्या साडी घेऊन तिला शोधत फिरत होत्या. तिसऱ्या टेबलाचा पास निघाला तो तिनेच उचलला. चि. सौ. कां. श्रेया, चि. आदेश. शाई ओली होती.

पास घेऊन ती ठमाबाईकडे गेली. सगळे जण एकमेकांची वाट बघत बसले होते, हे शोधून काढायला तिला दुपार लागली होती, आणि स्वतः मात्र हिवाळ्यापासून तेच करत होती. आता तिला कोणाचीच वाट बघवेना. आदेश चार पावलांवर होता, तात्या सहा. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आत्या, मी क्लास सोडणार नाही," ती म्हणाली. "उद्या सोमवार. उद्यापासून मी कामाला जाणार."

तात्यांनी डोक्याला हात लावला. आदेश फेट्याचं टोक चघळायला लागला. ठमाबाईने तिच्या हातातला पास घेतला, उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, घडी घालून कमरेला खोचला.

"उद्या कसं जमंल?" ती म्हणाली. "उद्या घरात सत्यनारायण हाय. मंगळवारपासनं जा."