पाचव्या पानावरची ओळ

साप्ताहिकाच्या संपादकांची कथा निवडायची तऱ्हाच वेगळी. छापलेल्या कागदांच्या घड्या घालणाऱ्या मावशींना ते कथा मोठ्याने वाचून दाखवत. मावशींचे हात थांबले तर कथा घ्यायची, चालू राहिले तर साभार परत.

पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेल्या एका कारकुनाची कथा अशी तीनदा परत गेली होती. चौथ्यांदा तो स्वतःच येऊन बाकावर बसला. लिखाणाची हौस म्हणाल तर त्याला काडीचीही नव्हती. पण धाकटा भाऊ आजारी होता, आणि गेली तीस वर्षं याची पत्रं न उघडताच परत पाठवत होता. हे साप्ताहिक मात्र तो नेमाने वाचायचा. तेही कसं? पहिल्या चार ओळी पटल्या नाहीत की उलटलंच पान!

संपादकांनी वाचायला घेतलं. पहिल्या पानावर पहाट झाली, धुकं पसरलं, पाखरं किलबिलली. दुसऱ्या पानावर नदी आली. मावशींचे हात आपले चालूच.

"अहो, हे धुकं हटणार कधी?" मावशी म्हणाल्या. "पुढे काही घडतं की नाही?"

"पाचव्या पानावर घडतं," कारकून चाचरत म्हणाला.

"मग तोवर आम्ही काय पाखरं मोजायची?"

संपादकांनी थेट पाचवं पान काढलं. "बाबांचं घड्याळ मी चोरलं. मार धाकट्याने खाल्ला, घर त्याने सोडलं, आणि मी गप्प बसलो."

मावशींचे हात थांबले.

"हे आधी नाही का लिहायचं, भल्या माणसा?"

"धीरच होईना हो. लिहायला बसलं की पहाटच व्हायची."

संपादकांनी पहिली चार पानं काढून त्याच्या हातात दिली. आता सगळ्या गावाला कळणार, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याने मान हलवली.

शुक्रवारी अंक निघाला. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी दुपारी कारकुनाच्या घरचा फोन वाजला. आवाज खोल गेला होता, पण ओळखीचा होता.

"दादा, तुझी गोष्ट वाचली."

"सगळी?"

"कुठली सगळी! पहिल्या ओळीच्या पुढे जाताच येईना. उरलेली तूच येऊन सांग."

कारकून एकाच पायात चप्पल घालून जिना उतरायला लागला. बायकोने हाक मारून दुसरी दिली.