दूध पिताना येणारा घाम

झ्लातिबोरच्या डोंगरातल्या त्या घरात वाऱ्याला मज्जाव होता. दोन खिडक्यांतून आरपार झुळूक आली की माणूस अंथरूण धरतो, यावर नेवेनाच्या सासूचा, स्तामेनाचा, देवापेक्षाही जास्त विश्वास. त्यात बाळंतपणाचे चाळीस दिवस. आई-मूल उंबरा ओलांडणार नाहीत, पाहुणा आत येणार नाही. नेवेनाचा नवरा व्लादान ऑस्ट्रियात ट्रक चालवायचा. बोलायला होती ती सासू, आणि ती बोलायची कमी, टोचायची जास्त.

तान्हा ओग्न्येन चार घोट प्यायचा आणि धापा टाकत थांबायचा. कपाळ घामाने डबडबलेलं. वजन काही केल्या वाढेना.

"आई, हा पिताना दमतो हो."

"आळशी आहे, बापावर गेलाय! आणि लोकरीत घाम येणारच. तुला पहिलटकरणीला काय कळतंय?"

बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टरांनीही छाती ठीक आहे म्हटलं होतं.

एकदा सासू कोंबड्यांकडे गेलेली पाहून तिने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. बाळाची टोपी, लोकर, सगळं उतरवलं आणि पाजायला घेतलं. एप्रिलच्या गारव्याने तिच्या अंगावर काटा आला. बाळाच्या कपाळावर मात्र तोच घाम. श्वासागणिक बरगड्यांखाली खळगे पडत होते. इतके दिवस ते कपड्यांखाली झाकले गेले होते. बाळाला गुंडाळून, चाळीस दिवस भरायच्या आतच, तिने शहराची बस धरली.

"हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे," सोनोग्राफी करून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त फुप्फुसांत जादा जातंय. जन्मल्याबरोबर छातीत त्याचा आवाज येत नाही, नंतर उमटतो. औषध देऊ. दूध थोडं थोडं पाज. भोक मोठं आहे, आपणहून बुजेलसं दिसत नाही. जरा अंग धरलं की बेलग्रेडला शस्त्रक्रिया. आणलंस ते बरं केलंस, पोरी."

कुणीतरी आपलं खरं मानावं म्हणून ती झुरत होती. आता वाटलं, आपण खुळे ठरलो असतो तर किती बरं झालं असतं!

बाहेरच्या बाकावरून तिने व्लादानला फोन करून सगळं सांगितलं. पलीकडे नुसती इंजिनाची घरघर.

"ऐकतोयस ना?"

"हो गं. मग, आई काय म्हणते?"

नेवेनाने फोन ठेवला. ओग्न्येन भुकेने रडत होता. तिने त्याला छातीशी घेतलं, आणि तो दमून थांबला तशी तीही त्याची धाप ओसरेपर्यंत थांबली.