उजव्या बाजूचे पोचे

नानाजी रेंजर जंगलखात्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मिशा काढून टाकल्या आणि दुसरी म्हणजे विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाकडून काळी मॉरिस गाडी विकत घेतली. मिशा गेल्याचं मनकर्णाबाईंना वाईट वाटलं. गाडी आल्याचं मात्र मनातून बरंच वाटलं. तीस वर्षं नवरा रानात आणि आपण घरी, असा संसार झाला होता. आता नागभीडचा बाजार असो की ब्रह्मपुरीचं लग्न, नानाजी गाडी बाहेर काढत आणि अंगणातून हाक मारत, "सोमाजीची माय, बस वो!"

मनकर्णाबाई डाव्या बाजूला बसत आणि बसल्या की त्यांचं तोंड सुरू होई.

"बैलबंडी येते. म्हैस हाय पुढं. खड्डा! म्हातारी पाहा, म्हातारी!"

"दिसली मले," नानाजी म्हणत आणि मगच गाडी वळवत.

माघात नागपूरहून मुलाचं, सोमाजीचं पत्र आलं. सोबत मोटारवाल्यांच्या एका मंडळाचा छापील कागद होता. लढाईच्या काळात चांद्याच्या पलीकडच्या माळावर विमानं उतरायला एक धावपट्टी बांधली होती, ती आता ओसच पडलेली. होळीच्या आधीच्या रविवारी तिथे नवशिक्या चालकांना घरची गाडी जोरात, पण नीट कशी हाकायची ते शिकवणार होते. शर्यत नाही, बक्षीस नाही. फक्त गाडी ठाकठीक हवी आणि चालकही.

नानाजींनी कागद हातभर लांब धरून वाचला आणि त्याच पावली गाडी बाबूभाईकडे नेली.

बाबूभाई मिस्त्रीचं टिनाचं छप्पर स्टेशनाजवळ होतं. भाताच्या गिरणीच्या इंजिनापासून शिवणयंत्रापर्यंत सगळं त्याच्या हाताखालून जाई. त्यानं कागदातले नियम मनकर्णाबाईंकडून मोठ्यानं वाचून घेतले. पहिलाच नियम होता, गाडीत सुटी वस्तू नको. मग गाडी रिकामी करायला घेतली. दोन छत्र्या निघाल्या, एक लोटा निघाला, पायलीभर तांदूळ, मोहफुलांचं गाठोडं, दिवाळीचा एक अनारसा आणि एक बायकी चप्पल निघाली. ती कोणाची, हे काही केल्या कळेना.

"रेंजरसाहेब, ही मोटार हाय का माळा?" बाबूभाई हसत म्हणाला.

चार दिवस त्यानं गाडीवर मन लावून काम केलं. ब्रेकला नवे पट्टे बसवले, जुनं काळं तेल काढून नवं भरलं, चाकांचे नट स्वतः पायानं दाबून आवळले. बॅटरी पट्टीनं बांधली. फुटली तर काच उधळू नये म्हणून पुढच्या दिव्यांवर कागदाच्या फुल्या चिकटवल्या. मनकर्णाबाई रोज दुपारी चहा घेऊन येत आणि लाकडी खोक्यावर बसून सगळं पाहत. कोणता नट कुठला, हे त्यांना तिसऱ्या दिवशी नानाजींपेक्षा जास्त ठाऊक झालं होतं.

पाचव्या दिवशी बाबूभाई गाडी पुसत होता. पुसता पुसता त्याचा हात थांबला. उजव्या मडगार्डवर एक पोचा होता. दारावर दोन होते. मागच्या बाजूला चांगला वीतभर ओरखडा होता. तो वळसा घालून डावीकडे गेला. डावी बाजू साहेबाकडून आली तशी कोरी करकरीत होती.

"बाई," त्यानं विचारलं, "गाडीत तुमी कुठी बसता?"

"डावीकडं. काऊन?"

बाबूभाईनं शेजारच्या मोकळ्या धानाच्या बांधीत चार टोपल्या मांडल्या आणि नानाजींना म्हणाला, "साहेब, एक चक्कर मारा यांच्यामधून. एकटेच. बाई इथीच बसू द्या."

नानाजी ऐटीत निघाले आणि पहिल्या टोपलीचा त्यांनी चुराडा केला. दुसरीचाही केला. तिसरी चाकात अडकून फरफटत आली.

"टोपल्या लयच बारीक हायेत," नानाजी खाली उतरत म्हणाले.

"साहेब, स्टेशनाची पाटी वाचता का जरा?"

"नागभीड जंक्शन," नानाजी ताडकन म्हणाले.

"थे तर मले डोळे मिटूनही येते. त्या समोरच्या भिंतीवर काय लिहिलं हाय?"

नानाजींनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली. मग हळूच विचारलं, "कोनती भिंत?"

बाबूभाई हसला नाही. त्यानं हात पुसले आणि गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "गाडी तयार हाय, साहेब. चालक नाई. चांद्याले जाऊन डोळे दाखवा, चष्मा घेऊन या, मंग किल्ली घेऊन जा."

मनकर्णाबाई खोक्यावर मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांना वर्षभरापासून ठाऊक होतं. आधी नानाजी ताटातला केस पाहीनासे झाले. मग दारातल्या माणसाला आवाजावरून ओळखू लागले. एकदा गाडीत बंडी फार जवळ आली, त्या ओरडल्या आणि तेव्हापासून ओरडतच राहिल्या. दोघांपैकी कोणीच त्यावर कधी बोललं नव्हतं.

चांद्याला जाताना त्या आगगाडीत म्हणाल्या, "माहीत होतं मले."

"मलेही होतं," नानाजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू होती ना सांगाले."

मनकर्णाबाईंच्या मनात आलं, की याला माझे डोळे लागत होते म्हणून हा मला सगळीकडे नेत होता. आता चष्मा आला की एकटाच जाईल. आपण आहोतच मग पुन्हा घर राखायला.

आठ दिवसांनी चष्मा तयार झाला. जाड भिंगांचा, काळ्या कड्यांचा. नानाजींनी तो दुकानातच चढवला आणि बायकोकडे पाहिलं.

"बाप्पा! तुझे केस इतके पिकले केव्हा?"

"तुमचे पिकले तेव्हाच," मनकर्णाबाई फणकारल्या.

बाबूभाईनं किल्ली दिली. पहिली चक्कर सिंदेवाहीच्या रस्त्यानं झाली. मनकर्णाबाई सवयीनं म्हणाल्या, "बंडी..." तोवर नानाजींनी गाडी बाजूला घेतलीसुद्धा. "म्हैस..." ती केव्हाच मागे पडली होती. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलंच नाही. गाडीत इतकी शांतता पहिल्यांदाच होती. हातांचं काय करावं, ते त्यांना कळेना. त्यांनी मग मान बाहेर वळवली.

पळस फुलला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी, आत पार डोंगरापर्यंत नुसता केशरी रंग होता. या रस्त्यानं त्या वर्षभरात कितीतरी वेळा आल्या होत्या; पण नजर कायम चाकापुढच्या दहा हातांवर. सागाची उघडी झाडं, मोहाखाली वाकून फुलं वेचणाऱ्या बाया, झुडपाआड शिरणारी मोराची शेपटी, हे सगळं त्या पाहत राहिल्या. छान वाटत होतं. आणि वाईटही वाटत होतं, कारण आता आपल्यावाचून काही अडत नाही, हेही दिसत होतं.

रविवारी सकाळी धावपट्टीवर सहा गाड्या जमल्या. लाकडाच्या एका ठेकेदाराची मोठी हिरवी गाडी सगळ्यांत दिमाखात उभी होती. डांबराची रिकामी पिंपं ठेवून वळणं आखली होती, चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. शिकवायला देवाजी हवालदार होता. पलटणीत वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, आवाज नगाऱ्यासारखा.

"कोनी कोनाच्या पुढं जायची घाई करायची नाई. पुढच्यानं हात दाखवला तरच जायचं. मी एकेकाच्या बाजूले बसतो. बाकी कोनी गाडीत बसायचं नाई."

मनकर्णाबाई गाडीतून उतरल्या. एका कडुनिंबाखाली सतरंजीवर जाऊन बसल्या. नानाजींनी खात्यातली जुनी सोला टोपी घातली, बूट आवळले आणि निघाले. पहिल्याच वळणाला टोपी उडाली. दुसऱ्या वळणाला त्यांनी इतक्या लवकर ब्रेक दाबला, की गाडी पिंपाच्या अलीकडे चांगली वीस हात थांबली. लांबून देवाजीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"रेंजरसाहेब, पिंपाकडं नोका पाहू! जिथी जायचं हाय, तिथी पाहा! ब्रेक सरळ रस्त्यात, मंग वळवा!"

मनकर्णाबाई प्रत्येक वळणाला सतरंजीवर पाय दाबत होत्या. आपण ब्रेक दाबतो आहोत, हे सतरंजी गोळा झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मागून कोणी आलं, की नानाजी हात बाहेर काढून त्याला अगत्यानं पुढे जाऊ देत होते. एकदा हात दाखवला तेव्हा मागे कोणीच नव्हतं. तिसऱ्या फेरीला गाडी वळणावर डगमगली नाही. चौथ्या फेरीला ती ओळीत एका वळणातून दुसऱ्यात अशी शिरली, की मनकर्णाबाई उठून उभ्याच राहिल्या. पाचव्या फेरीला हिरव्या गाडीचं इंजिन तापलं. ठेकेदारानं चडफडत हात दाखवला आणि नानाजी तिच्या पुढे निघून गेले. जाता जाता त्यांनी दोन्ही हात जोडून ठेकेदाराला नमस्कार केला.

"स्टेअरिंग! स्टेअरिंग धरा!" देवाजी गरजला.

गाडी थांबल्यावर देवाजी उतरला, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "साहेब, गाडी फर्स्टक्लास बांधली हाय. तुमी पास. फक्त नमस्कार घरी जाऊन करत जा."

नानाजी चष्मा पुसत कडुनिंबाकडे आले. पोरासारखे हसत होते. "पाहिलं का तू?"

"पाहिलं ना. टोपी थे तिकडं पडली हाय."

"असू दे. चल, बस."

मनकर्णाबाई जागच्या हलल्या नाहीत. इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं त्यांच्या तोंडून निघूनच गेलं. "आता माहं काय काम गाडीत? दिसते ना सगळं तुमाले."

नानाजींना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ते सतरंजीच्या कडेला उकिडवे बसले.

"तीस वर्षं मी रानात एकटाच फिरलो," ते म्हणाले. "वाघ दिसला तर सांगाले कोनी नाई. पळस फुलला तर सांगाले कोनी नाई. रिटायर झालो तेव्हा ठरवलं, आता एकटं कुठीच जायचं नाई. म्हनून गाडी घेतली. डोळे तर मंग गेले."

मनकर्णाबाईंनी नाकाला पदर लावला. थोड्या वेळानं उठल्या, सतरंजी झटकली, घडी घातली आणि गाडीत ठेवायला गेल्या.

"सुटी वस्तू नको म्हने गाडीत," नानाजी मागून म्हणाले.

"चूप राहा जी!"

परतीच्या वाटेवर मूल गाव येईपर्यंत त्या बोलत होत्या. देवाजीच्या आवाजाची नक्कल केली, ठेकेदाराच्या तोंडाची केली. बाबूभाईला तीन नव्या टोपल्या घेऊन द्यायचं ठरलं. मग ऊन उतरलं, वारा गार झाला आणि बोलता बोलताच त्यांची मान खांद्यावर कलली.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. समोर घराचं फाटक होतं. दिवेलागणी होऊन गेली होती. नानाजी हाताची घडी घालून नुसते बसले होते.

"घर आलं?"

"केव्हाचंच."

"मंग उठवलं काऊन नाई मले?"

"झोपली होती ना तू."

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला, दार उघडलं. "चला," त्या म्हणाल्या, "भात टाकतो मी."