सरदाराचा आवाज

पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत राहिलेल्या तंजावरी मराठी घरातला विजयराघव राव कुंभकोणमच्या एका विमा कार्यालयात कारकून होता. शनिवारी संध्याकाळी तो एका कॉफी हॉटेलच्या माडीवर उभा राहून तमिळमध्ये लोकांना हसवायचा. तिकीट नव्हतं, कॉफी घेतली की विनोद फुकट. त्याच्या नकलांचं हुकमी गिऱ्हाईक म्हणजे गावातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष स्वामीनाथ राव. मातृभाषा वाचवा, असं ते दरवर्षी पोटतिडकीनं सांगत, तेही अस्खलित तमिळमध्ये. विजयराघव त्यांची हुबेहूब नक्कल करायचा. मधेच एखादा मराठी शब्द आला की खिशातला कागद काढून तो वाचायचा.

हे कानावर गेल्यावर स्वामीनाथांनी तातडीची सभा घेतली. समाजाची अब्रू घालवल्याबद्दल विजयराघवला मंडळातून काढलं. त्याची आई गंगाबाई हिला हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. ती रागावली नाही. जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, "तूं सांगतोस तें खरें अहे. पण सांगावयास तूंच कां?"

त्या नकलेची चित्रफीत फिरत फिरत मुंबईच्या एका दिग्दर्शकाच्या फोनवर पोचली. तो तंजावरच्या दरबारावर सिनेमा काढत होता आणि त्याला अस्सल जुनी मराठी बोलणारा सरदार हवा होता. बोलावणं आलं तसं विजयराघवनं बिनपगारी रजा टाकली आणि मिशा वाढवल्या.

सेटवर पहिलं वाक्य तो घरी बोलतात तसंच बोलला, "महाराज, शत्रू दाखल जाला अहे." पुण्याहून आणलेल्या भाषातज्ज्ञ बाईंनी चित्रीकरण थांबवलं. हे अस्सल वाटत नाही, असं त्यांचं मत पडलं.

"आमच्या घरी साडेतीनशे वर्षं असंच बोलतात," विजयराघव म्हणाला.

"मग साडेतीनशे वर्षं चुकत असाल," बाई शांतपणे म्हणाल्या.

शेवटी त्यानं नुसते ओठ हलवावेत, असं ठरलं. सिनेमा आला तेव्हा सरदार कोल्हापुरी ठसक्यात गरजत होता. कुंभकोणमला तमिळ आवृत्ती लागली; तिच्यात त्याला मदुरैच्या कुणाचा तरी आवाज होता. भाला लागल्यावरचं कण्हणं तेवढं दोन्हीकडे विजयराघवचं स्वतःचं होतं.

सिनेमा चालला. मंडळानं जुना ठराव मागे घेऊन सत्कार ठेवला. स्वामीनाथांनी त्याला शाल पांघरवली आणि या मुलामुळे आपली भाषा देशभर पोचली, असं तमिळमध्ये सांगितलं. मग ध्वनिक्षेपक विजयराघवच्या हाती आला. नकलेला याहून चांगला मोका पुन्हा मिळणार नव्हता, आणि जिभेवर वाक्य आलंही होतं. पण पहिल्या रांगेत आई बसली होती, वर्षभरानंतर प्रथमच शेजारणींच्या घोळक्यात, केसांत गजरा माळून. त्यानं हात जोडले, सर्वांचे आभार मानले आणि खाली बसला.

पुढच्या महिन्यात त्याला दुसरी भूमिका मिळाली, एका गिरणीतल्या मुक्या पहारेकऱ्याची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्येक प्रसंगात तो होता. गंगाबाईनं विचारलं, "यांत तुज बोलावयाचें काय अहे?"

काहीच नाही, असं त्यानं सांगितलं. तिनं जरा विचार केला.

"तर बरें जालें," ती म्हणाली. "चूक काढावयास कोणास जागा नाहीं."

दुसऱ्या दिवशी त्यानं नोकरीचा राजीनामा दिला. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा भूमिका फार मोठी आहे, असं तो अभिमानानं म्हणाला.