गोदूबाईचे हात

गोदूबाईने मंजुळाच्या पोटावर दोन्ही तळवे ठेवले आणि डोळे मिटले. एरवी एवढ्यावर भागायचं. डोकं कुठे, पाठ कुठे, हे बोटं आपसूक सांगायची. आज उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गोणपाटात गुंडाळल्यासारखी बधिर होती. तिने तेल लावून पुन्हा चाचपलं. खाली टणक लागत होतं ते डोकं असेल. नसेलही.

"किती येळ हाय गो?" मंजुळाच्या सासूने, काशीबाईने विचारलं.

पालघरजवळच्या माहीमच्या कोळीवाड्यातली निम्मी पोरं गोदूबाईच्याच हातांवर जन्मली होती. मंजुळाचा नवरा एकनाथसुद्धा.

"हिला पालघरला न्या," ती उठत म्हणाली. "बंदरावर बर्फाचा टेंपो आलाय, त्याला थांबवा."

"का? आडवं हाय का?"

"न्या म्हनते ना."

बाळ पायाळू होतं. पालघरच्या डॉक्टरांनी पोट उघडून काढलं, आई आणि मुलगा दोघंही वाचली. दुसऱ्या दिवशी कोळीवाडाभर एकच बोलणं, गोदूबायनं नुसता हात लावला नि तिला कळलं. काशीबाई ताजी पापलेटं घेऊन आली आणि वाकून पाया पडली.

"मला काय पन कळलं नाय," गोदूबाई म्हणाली. "बोटांना लागलंच नाय, म्हनून धाडली."

"तुजं आपलं कायतरीच," काशीबाई हसली आणि पापलेटं ठेवून गेली.

गोदूबाईची सून नलू चुलीपाशी बसून हे ऐकत होती. तिला सातवा लागला होता. "खरंच लागलं नाय, आई?" तिने विचारलं.

मग गोदूबाईने सगळं सांगितलं. पावसाळ्याआधीच ती कुणाला न सांगता पालघरच्या हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. मनगटात नस दाबली गेलीय, छोटं ऑपरेशन करावं लागेल, असं तो म्हणाला होता. अंगठ्याखालचं मांस दाबून त्याने दाखवलं होतं, ते झिजायला लागलं होतं. उशीर केलात तर कापूनही जोर येणार नाही. कापल्यावर पहिल्यासारखं कळेल का, असं तिने विचारलं. बहुतेक कळेल, पण खात्री देत नाही, म्हणाला. शिवाय हात कामाला लागायला दोनतीन महिने.

तिने घरी येऊन धाकट्या दिराला, दिनानाथला विचारलं होतं. जाळ्याच्या दोरात सापडून त्याचा हात फाटला होता, तो डॉक्टरांनी शिवला, पण बोटं आकसूनच राहिली. "कापलेला हात कामाचा नाय राहत, वयनी," तो म्हणाला होता. मग तिने ठरवलं, नलूचं बाळंतपण होऊ दे. पहिलं नातवंड आपल्या हातांनी घ्यायचं, मग हाताचं काय व्हायचं ते होवो.

नलूने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. 

"म्हंजे हेच हात घेऊन तुमी माज्याजवळ बसनार होता?"

आवाजात राग नव्हता. गोदूबाई आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. इतक्या बायकांनी जीव तिच्या हवाली केला होता. भीती कुणाच्याच डोळ्यांत तिने पाहिली नव्हती. आज ती घरातच दिसली.

पुढल्याच आठवड्यात मुलगा दामू तिला पालघरला घेऊन गेला. मनगट सुन्न करून डॉक्टरने नस मोकळी केली. टाके निघाले तरी पदर खोचायला नलू लागायची. रात्रीच्या कळा थांबल्या. अंगठ्यात मुंग्या येऊन थोडी जाग आली, पण पुढची दोन बोटं लाकडासारखीच राहिली. "वेळ लागेल," डॉक्टर म्हणाला. किती, ते त्याने सांगितलं नाही. मधल्या काळात पाराजवळच्या एका घरातून बोलावणं आलं तेव्हा तिने दारातूनच सांगितलं, "पालघरला न्या."

नलूच्या कळा सकाळी सुरू झाल्या. गोदूबाई तिच्यासोबत रिक्षातून गेली, वाटभर तिची पाठ चोळत राहिली. दवाखान्यात नर्सने नलूला आत घेतलं आणि दार लावलं.

"मी बसू का आत? मी सुईन हाय," गोदूबाई म्हणाली.

"बाहेर बसा, आजी."

ती बाकावर बसली. आतून नलूचं कण्हणं यायचं. कधी जोर करायचा, कधी श्वास धरायचा, ते गोदूबाईच्या ओठांवर येत होतं आणि तिथेच राहत होतं. दामू फेऱ्या मारत होता. मग रडणं ऐकू आलं.

आयाने मुलगी गुंडाळून आणली आणि तिच्या मांडीवर दिली. गोदूबाईने सवयीने उजवा हात उचलला. बोटं बाळाच्या डोक्यावरून फिरली, पण कळेना, खाली कापड आहे की केस. तिने हात थोडा तिरका केला. या दुखण्याने करंगळीला हात लावला नव्हता. करंगळी हळूच टाळूवर टेकली. खाली मऊ, ऊन, भराभर उडत होतं.

आया "द्या आता, आईकडे न्यायचीय" म्हणेपर्यंत तिने बोट तिथून हलवलं नाही.