उभी करून मोजा

दामिनी काळबांडे बेसा भागातल्या एका शाळेत गणित शिकवायची. आठ वर्षांपूर्वी तिच्या शरीरानेच तिच्या यकृतावर हल्ला केला आणि ते निबर होत गेलं. दारूचा थेंबही न घेतलेल्या बाईला लिव्हरचा आजार होऊ शकतो, हे तिने अनेकांना समजावलं. मग समजावणं सोडून दिलं.

गेल्या हिवाळ्यात तिला धाप लागायला लागली. फळ्यापाशी उभी राहिली की नखं निळसर पडत. घरी येऊन आडवी झाली की श्वास परत येई. दुपारभर ती मागच्या खोलीत पलंगावर असायची.

"दम लागला तर माणूस उठून बसते," सासू रुखमाबाई म्हणाल्या. "तू काहून झोपून राहते वं?"

"झोपलं की बरं वाटते मले, आई."

ते कुणालाच पटेना. नवरा रोहित तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला टेबलावर झोपवून बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली. पंच्याण्णव.

"नॉर्मल आहे. टेन्शन घेता तुम्ही," म्हणत ते चिमटी काढायला आले.

दामिनीने हात मागे घेतला. "आता उभी करून मोजा."

"गरज नाही."

"मला आहे." ती टेबलावरून उतरली. "पाच मिनिटं थांबा."

बाहेर पेशंट खोळंबले होते. रोहित हळूच म्हणाला, "चल ना, काहून तमाशा करून राहिली?"

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. आकडा ब्याण्णव झाला, अठ्ठ्याऐंशी झाला, चौऱ्याऐंशीवर थांबला. डॉक्टरांनी चिमटी दुसऱ्या बोटाला लावून पाहिली. तेवढाच. मग ते मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला बसले.

"दोन्ही आकडे लिहा," दामिनी म्हणाली. "झोपलेला आणि उभा."

मोठ्या हॉस्पिटलात डॉ. मिनल यांनी बारीक बुडबुड्यांचं सलाईन शिरेत सोडून हृदयाची सोनोग्राफी केली. फुप्फुसात अडायला हवेत ते बुडबुडे थेट हृदयाच्या डाव्या बाजूला पोचले.

"लिव्हरमुळे फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद झाल्यात," त्या म्हणाल्या. "रक्त पुरेसा ऑक्सिजन न घेताच पुढे निघून जातं. उभं राहिलं की ते फुप्फुसाच्या खालच्या भागात उतरतं, आणि अशा वाहिन्या तिथेच जास्त. तुमचं बरोबर होतं. पण कायमचा इलाज एकच, नवीन लिव्हर."

प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं. शाळेतली नोकरी सुटली. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. दामिनीने पलंग पुढच्या हॉलमध्ये आणवला, नाकाला नळी लावली आणि उशाशी पाटी घेऊन दहावीच्या शिकवण्या सुरू केल्या.

एका मुलीची आई दारातच म्हणाली, "मॅडम, झोपून शिकवणं बरं नाही दिसत."

"नसेल दिसत. बसून दहा मिनिटं शिकवीन, झोपून दोन तास. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा."

बाई घुटमळली. आतून रुखमाबाई सतरंजी घेऊन आल्या. "पोरीचं गणित पाहा बाई, पलंग काहून पाहून राहिल्या?"

तोवर मुलगी चप्पल काढून आत आली होती.

लिव्हर अजून मिळालेलं नाही. परीक्षा मार्चमध्ये आहे आणि त्रिकोणमिती अर्धी बाकी आहे.